मुलाचे ‘पुरे’

मुलाने ताटावरून मान फिरवली की आपल्या घरांत आई कासावीस होते आणि आजी तिच्याहून अधिक. काऊचा घास, चिऊचा घास संपले की मोबाइल पुढे येतो आणि चित्रे पाहता पाहता आणखी चार घास पोटात जातात. माझे मत थोडे अप्रिय आहे, तरी मांडतो. निरोगी मुलाचे ‘पुरे’ हा बहुधा हट्ट नसतो. तो त्याच्या मेंदूने दिलेला निर्णय असतो, आणि आपण तो रोज मोडीत काढतो.

भूक पोटात लागते असे आपण म्हणतो. तिचा हिशेब मात्र हायपोथॅलॅमसमध्ये चालतो. रिकाम्या जठरातून घ्रेलिन निघते आणि अन्न मागते. जेवण उतरू लागले की आतड्यातून जीएलपी-१ ‘थांबा’ असे कळवते. शरीरात साठा किती, हे चरबीच्या पेशी लेप्टिनद्वारे सांगतात. या लेप्टिनचे जनुक १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने शोधले. पुढे केंब्रिजच्या वैद्यकांना अतिस्थूल, सतत भुकेली अशी एकाच कुटुंबातील दोन मुले आढळली. त्यांच्या शरीरात लेप्टिन तयारच होत नव्हते. त्यांपैकी नऊ वर्षांच्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शने दिल्यावर वर्षभरात तिचे वजन सुमारे १६ किलोंनी उतरले (१९९९). आपल्याकडे तिला सरळ ‘हावरट’ म्हटले गेले असते.

असा जन्मजात अभाव अतिशय दुर्मीळ. नेहमीच्या स्थूलतेत उलटेच घडते : लेप्टिन भरपूर असते, पण मेंदू त्याची दखल घेईनासा होतो. भूक आवरत नाही, चरबी यकृतात साचते, इन्सुलिनचा प्रभाव ओसरतो आणि ज्यांच्या बीटा पेशींना हा भार पेलत नाही, त्यांना मधुमेह गाठतो.

आपल्या मुलांबाबत तर अधिक सावध राहायला हवे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखविले की तेथील ग्रामीण नवजात बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधील ३.५ किलोंची, तरीही आपल्या बाळांत स्नायू कमी असले तरी त्वचेखालची चरबी बव्हंशी टिकून असते. ‘बारीकच आहे, खाऊ दे’ हा युक्तिवाद म्हणूनच मला पटत नाही. वाढीच्या आलेखावर खरोखर घसरणाऱ्या, कुपोषित मुलाची गोष्ट निराळी. त्याला खाऊ घालणे हाच उपचार.

आणि झोप! शिकागोतील २००४ च्या एका अभ्यासात निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा दोन रात्री दहा तास झोप दिल्याच्या तुलनेत लेप्टिन १८ टक्के कमी आणि घ्रेलिन २८ टक्के अधिक आढळले. आम्हा इंदूरकरांना सराफ्याचा अभिमान आहे, मलाही आहे; पण रात्री बारा वाजता पेंगुळलेल्या पोराच्या हाती जलेबी देण्यात कसले कौतुक? गंमत अशी की, जीएलपी-१ ची नक्कल करणारी महागडी इंजेक्शने आज आपणच प्रौढ रुग्णांना लिहून देतो. जो निरोप बालपणी दडपला, तोच पुढे सुईवाटे विकत घ्यायचा!

माझ्या दवाखान्यात मी आजीबाईंना वाढीचा आलेख दाखवतो. ‘खात नाही’ अशी तक्रार असलेल्या नातवाची रेषा पुष्कळदा व्यवस्थित चढत असते. आपल्या स्नेहभोजनांत निदान मुलांच्या पंगतीला आग्रह नसावा. त्यांना हवे ते, हवे तेवढे स्वतः वाढून घेऊ द्यावे, आणि ताटात घासभर उरले तर कुणी डोळे वटारू नयेत.