‘जागा अपुरी आहे’ : अपडेटचा भार कोणाच्या खिशावर?

मोबाइलच्या पडद्यावर ‘जागा अपुरी आहे’ अशी सूचना झळकली की शहरातील माणूस वैतागतो, सकाळच्या शुभेच्छांची चित्रे पुसतो, लग्नसमारंभाच्या चित्रफिती संगणकावर उतरवून घेतो आणि अपडेट पुन्हा सुरू करतो. फारच झाले तर दिवाळीच्या सवलतीत नवा फोन घेतो. त्याच्या दृष्टीने ही अर्ध्या तासाची कटकट असते. परंतु हीच सूचना बीड जिल्ह्यातील एखाद्या अंगणवाडी सेविकेच्या किंवा कोरडवाहू शेतकऱ्याच्या फोनवर येते, तेव्हा तिच्यामागे बालकाच्या पोषण आहाराची नोंद अडकलेली असते किंवा पिकाची. फोनमधील मोकळी जागा ही तेथे खासगी बाब राहिलेली नाही. शासकीय सेवेच्या दारावरचे ते कुलूप आहे आणि त्याची किल्ली दर काही महिन्यांनी बदलते.

महाराष्ट्राने या प्रश्नाचा उद्रेक एकदा पाहिला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल बालविकास प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. ‘मोबाइल वापसी’ म्हणून ते आंदोलन ओळखले गेले. पगारवाढीसाठी मोर्चे निघतात, धरणे धरली जातात. हाती दिलेले साधनच नको म्हणून कर्मचारी रस्त्यावर येतात, असे क्वचित घडते. तरीही शहरी वाचकांपैकी अनेकांनी ती बातमी ‘ग्रामीण बायकांना तंत्रज्ञान जमत नाही’ अशा समजुतीने वाचली असण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. या स्त्रियांना तंत्रज्ञानाच्या मर्यादा इतक्या अचूक कळल्या होत्या, की त्यांनी त्या थेट शासनाच्या टेबलावर मांडल्या.

सोळा जीबीचा हिशेब

पोषण अभियानांतर्गत २०१९ च्या सुमारास राज्यातील सेविकांना स्मार्टफोन देण्यात आले. त्यांची रॅम २ जीबी आणि साठवण क्षमता १६ जीबी होती. रॅम म्हणजे काम करण्याचे मेज आणि साठवण म्हणजे कपाट, असे मानले तर येथे मेजही लहान होते आणि कपाटही. शिवाय वेष्टनावरचे १६ जीबी प्रत्यक्ष वापरणाऱ्याच्या हाती पडत नाहीत. त्यातला मोठा वाटा अँड्रॉइड प्रणाली आणि आधीपासून बसवलेली ॲप व्यापतात. उरलेल्या जागेत ॲप, त्याची साठवलेली माहिती, छायाचित्रे आणि संदेश मावायचे असतात. आरंभी या फोनवर ‘कॅस’ नावाची प्रणाली चालत असे. तिच्या जागी केंद्र शासनाने मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ आणले आणि त्याच जुन्या फोनकडून नव्या कामाची अपेक्षा सुरू झाली.

फोन तापतात, मध्येच बंद पडतात, ॲप उतरवून घेता येत नाही, दुरुस्तीचा खर्च मानधनातून करावा लागतो, अशा सेविकांच्या तक्रारी होत्या. त्या काळी सेविकेचे मासिक मानधन साडेआठ हजार रुपयांच्याही आत होते. त्यात फोनची मोठी दुरुस्ती निघाली की महिन्याचे गणितच कोलमडावे. भर म्हणून सुरुवातीला नोंदी इंग्रजीतून कराव्या लागत. हा वाद पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू होऊन सुमारे सात आठवडे चाललेल्या संपातही मोबाइलचा विषय मागण्यांत होताच.

या खरेदीला बीडचा आणखी एक संदर्भ आहे. तेव्हा महिला व बालविकास खाते परळीच्या पंकजा मुंडे यांच्याकडे होते. विधान परिषदेतील तत्कालीन विरोधी पक्षनेते धनंजय मुंडे, तेही परळीचेच, यांनी २०१९ मध्ये खरेदीत गैरव्यवहार झाल्याचा आरोप केला आणि मंत्र्यांनी तो नाकारला. त्या आरोप-प्रत्यारोपांत येथे शिरण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच, की वादाचा रोख मुख्यतः किमतीवर होता. फोन केवढ्याला घेतला हे विचारले गेले. हा फोन किती वर्षे पुरेल आणि पुढच्या अपडेटसाठी त्यात जागा उरेल काय, हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत ठळकपणे आलाच नाही. दोनच वर्षांनी तो सेविकांनी विचारला.

जुने घर, नवे घर

अपडेटला एवढी जागा का लागते? नवे घर राहण्याजोगे होईपर्यंत जुने पाडता येत नाही, हे त्याचे साधे उत्तर. नवी आवृत्ती आधी आवळलेल्या स्वरूपात फोनवर उतरते, ती तपासली जाते, मग उलगडून बसवली जाते. हे सारे सुरक्षित पार पडेपर्यंत जुनी आवृत्ती जागेवर ठेवावी लागते, कारण मध्येच वीज किंवा नेटवर्क गेले तर फोन निकामी होता कामा नये. म्हणून ॲपचा आकार जेवढा, त्याहून बरीच अधिक मोकळी जागा काही काळासाठी लागते. बाहेरून बसवलेले मेमरी कार्ड येथे फारसे कामास येत नाही. छायाचित्रे त्यावर हलवता येतात. प्रणालीचे अपडेट मात्र फोनच्या अंगच्या साठवणीतच जागा मागते.

ही अडचण केवळ स्वस्त फोनची नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये ॲपलने आयफोनसाठी ‘आयओएस ८’ आणले, तेव्हा ते थेट फोनवर उतरवून घेण्यासाठी सुमारे ५ जीबी मोकळी जागा लागत होती. १६ जीबीचे आयफोन बाळगणाऱ्या असंख्य ग्राहकांकडे ती नव्हती. त्याच वर्षअखेरीस अमेरिकेत कंपनीविरुद्ध खटला दाखल झाला. वेष्टनावर लिहिलेल्या साठवणीतील बराच भाग प्रणालीच गिळून टाकते, असा ग्राहकांचा आक्षेप होता. पुढच्या वर्षी ‘आयओएस ९’ आणताना कंपनीने ही गरज सुमारे १.३ जीबीवर आणली. याचा अर्थ स्पष्ट आहे. अपडेटचा आकार हा निसर्गनियम नव्हे. ग्राहकाने जोर लावला, तेव्हा अभियंत्यांना तो चौथाईच्या आसपास आणता आला.

आयफोनच्या ग्राहकाकडे न्यायालय होते, प्रसारमाध्यमे होती आणि दुसऱ्या कंपनीचा फोन घेण्याची मोकळीक होती. शासकीय ॲप वापरणाऱ्याकडे शेवटची मोकळीक नसते. ‘पोषण ट्रॅकर’ला दुसरा पर्याय बाजारात मिळत नाही.

शेताच्या बांधावर

अंगणवाडीकडून शेताकडे वळले तरी चित्र फारसे बदलत नाही. १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. आपल्या शेतातील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः, शेतात उभे राहून, छायाचित्रासह करावी, ही कल्पना चांगलीच होती. तलाठ्याच्या मर्जीवरचे अवलंबन त्यामुळे कमी होणार होते. मात्र या ॲपच्याही नव्या आवृत्त्या येत गेल्या आणि २०२४ च्या रब्बीपासून ‘डिजिटल क्रॉप सर्व्हे’ची नवी व्यवस्था आली. आवृत्ती बदलली की जुने ॲप काढा, नवे घ्या, असे आवाहन होते. नोंदीची मुदत ठरलेली असते. ती संपत आलेली, शेतात नेटवर्क अर्धवट, आणि फोन सांगतो, जागा अपुरी आहे!

बीडमध्ये या नोंदीचे मोल अधिक आहे. २०२० च्या खरिपात या जिल्ह्यात पीक विमा उतरवण्यास कंपन्या पुढे येईनात. तेव्हा नफा-तोट्याच्या वाटणीचे जे ८०:११० सूत्र लागू झाले, ते ‘बीड पॅटर्न’ म्हणून देशभर चर्चिले गेले. ज्या जिल्ह्यात पावसाचा आणि विम्याचा भरवसा इतका डळमळीत, तेथे सात-बारावरील पिकाची नोंद म्हणजे नुकसानभरपाई मागण्याचा आधार असतो. शेतकऱ्याकडून राहिलेल्या नोंदी पूर्ण करण्याची सोय प्रशासनाने ठेवली आहे, हे मान्यच करायला हवे. परंतु तसे झाले की ज्या अवलंबनातून शेतकऱ्याला सोडवायचे होते, त्याच दारी तो पुन्हा उभा राहतो.

बीडचे दुसरे वास्तव स्थलांतराचे. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्यातील लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. सोबत लहान मुले असतात, गरोदर स्त्रिया असतात. अशा कुटुंबांचा आहार, लसीकरण आणि तपासणी खंडित होऊ नये म्हणून राज्याने २०२२ मध्ये स्थलांतरितांचा माग ठेवणारी प्रणाली जाहीर केली. हेतू निःसंशय योग्य आहे. पण तिचा पहिला दुवा गावातील सेविकाच आहे. टोळी निघण्याच्या आठवड्यात तिचा फोन अडला, तर पोर गाव सोडते आणि नोंद मागे राहते.

त्यात १ जुलै २०२५ पासून घरी नेण्याच्या आहारासाठी लाभार्थ्याचा चेहरा फोनवर ओळखणे सक्तीचे झाले आहे. पूर्वी फोन बिघडला तर नोंद उशिरा होत असे आणि आहार हातोहात दिला जाई. आता ओळख पटवणे हीच आहाराची पायरी झाली आहे. फोनच्या क्षमतेची चूक थेट ताटापर्यंत पोचू शकते, हा फरक मोठा आहे.

दोष वापरणाऱ्याचा?

यावर एक ठरलेले उत्तर मिळते : लोक नको ते व्हिडिओ भरून ठेवतात, मग जागा कशी उरेल? त्यात तथ्य नाही असे नाही. भारतीयांचे फोन ‘गुड मॉर्निंग’च्या चित्रांनी तुंबतात, ही बाब २०१८ मध्ये परदेशी वृत्तपत्रांचाही विषय झाली होती. परंतु सेविकेच्या फोनमध्ये साठलेले सारेच तिच्या हौसेचे नसते. कार्यक्रम झाला, छायाचित्र पाठवा. गृहभेट झाली, छायाचित्र पाठवा. वरिष्ठांच्या सूचना, परिपत्रके, प्रशिक्षणाच्या चित्रफिती, सर्व काही व्हॉट्सॲपच्या गटावर येते. एकाच शासनाचा एक हात फोन भरतो आणि दुसरा हात तो रिकामा ठेवण्यास सांगतो.

अपडेटच नकोत, असेही म्हणून चालणार नाही. लाखो बालकांची आणि मातांची माहिती ज्या ॲपमध्ये आहे, त्यातील सुरक्षेच्या त्रुटी बुजवल्याच पाहिजेत. अपडेट न मिळणारा फोन हळूहळू निरुपयोगीही होतो. व्हॉट्सॲपने जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइडच्या ५.० च्या आधीच्या आवृत्त्यांवरील सेवा थांबवली, हे त्याचे अलीकडचे उदाहरण. तेव्हा अपडेट ही गरज आहे. वाद आहे तो तिची किंमत कोणी मोजायची, एवढाच.

काय करता येईल?

पहिली गोष्ट खरेदीची. निविदेत किमतीबरोबरच साठवणीची किमान मर्यादा, अपडेट मिळण्याची वर्षे आणि फोन बदलण्याची मुदत लिहिली गेली पाहिजे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनसाठी विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट देण्याचे बंधन घातले आहे. एकगठ्ठा लाखभर फोन घेणाऱ्या राज्य शासनाला अशी अट घालण्यासाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. निविदेतील एक ओळ पुरेशी आहे.

दुसरी गोष्ट ॲपच्या रचनेची. सर्व्हरवर पोचलेले छायाचित्र फोनमधून आपोआप पुसले जावे. नवी आवृत्ती आली तरी जुनी काही आठवडे चालू राहावी. पीक नोंदणीच्या ऐन मुदतीत आणि मजुरांच्या स्थलांतराच्या हंगामात सक्तीचे बदल टाळावेत. ॲपची चाचणी दालनातील नव्याकोऱ्या फोनवर न घेता धारूर किंवा पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यात, तीन वर्षे वापरलेल्या फोनवर घ्यावी.

तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची. फोन अडला तर कागदावरची नोंद ग्राह्य धरली जावी आणि त्या कारणाने कोणाचाही आहार किंवा हक्क अडवला जाऊ नये. वहीला अपडेट लागत नाही, हे तिचे मागासलेपण नसून बळ आहे.

रस्ता, वीज आणि पाणी या सुविधा शासनाने पुरवायच्या, हे आपण मान्य केले आहे. शासनाने आपल्या सेवा फोनमधून द्यायच्या ठरवल्या असतील, तर फोनमधील मोकळी जागाही त्याच यादीत धरावी लागेल. २०२१ मध्ये टेबलावर परत आलेल्या त्या फोनचा हाच अर्थ होता. तो वाचला गेला नाही, तर फोन पुनःपुन्हा बदलले जातील आणि पडद्यावरची सूचना तीच राहील.