'बीजमाता' म्हणून मोकळे झालो

गावठी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरेंचं नाव निघालं की दोन तऱ्हेची माणसं हमखास भेटतात. काही हात जोडतात, 'बीजमाता' म्हणतात आणि चहाकडे वळतात. बाकीची नाक मुरडतात: शाळेची पायरी न चढलेल्या बाईने गाडग्यात बी ठेवलं, त्यात कसलं आलंय विज्ञान? आमची आजीही ठेवायचीच की.

आजी ठेवायची, खरंच. पण तुम्ही तिला कधी विचारलंत, कुठली शेंग ठेवतेस म्हणून? रोगट वेल बियाण्यातून बाद करायचा, जोमदार वेलावरची टपोरी शेंग तिथेच वाळू द्यायची, पुढच्या हंगामात तिची पारख करायची. कृषी विद्यापीठातला पैदासकार यालाच 'निवड' म्हणतो. बी राखेत घोळवतात तेही उगाच नाही. राख ओल शोषते, किडीच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते आणि कीड सुकून मरते.

नातवंडांच्या आजारपणाचा दोष राहीबाईंनी संकरित, फवारलेल्या भाज्यांना दिला आणि त्या गावठी बियाण्याकडे वळल्या. एवढ्यावरून संकरित वाण दोषी ठरत नाही, हे कबूल. पण त्यामुळे अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी त्यांच्या घरात 'बायफ' या संस्थेच्या साथीने उभी राहिलेली बियाणं बँक खोटी ठरत नाही.

'मग ते बी शीतगृहात ठेवा ना!' ठेवाच. भातावरच्या 'ग्रासी स्टंट' रोगाला पुरून उरणारा गुण फिलिपिन्सच्या संशोधन केंद्राला हजारो नमुने तपासल्यावर उत्तर प्रदेशातल्या एका रानभातात मिळाला होता. जपलेलं बी कधी कामाला येईल, सांगता येत नाही. मात्र शीतगृहातलं बी झोपलेलं असतं. शेतातलं बी अकोले तालुक्यातला पाऊस आणि तिथली कीड सोसत पिढी दर पिढी बदलत राहतं. दोन्ही हवीत.

आता हात जोडणारे. 'बीजमाता' हे नाव शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकरांनी गौरवाने दिलं. आपण ते आळसाने वापरलं. आई म्हटलं की माया तेवढी दिसते, अक्कल दिसत नाही. २०२० ची पद्मश्री मिळूनही 'तुमची निवडीची पद्धत काय?' असं राहीबाईंना विचारणारे थोडेच.

२००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. निवड करून, उपयुक्त गुण ओळखून पारंपरिक वाणाचं मोल वाढवणाऱ्यालाही त्याच्या व्याख्येत शेतकरी म्हटलं आहे, आणि नवा वाण काढणाऱ्या शेतकऱ्याला पैदासकाराइतकाच नोंदणीचा हक्क दिला आहे.