भांडवलाआधीची तयारी

धंदा करावयाचा म्हणजे प्रथम मोठी रक्कम हाती हवी, अशी पुष्कळांची समजूत असते. म्हणून कोणी सावकाराकडे धाव घेतो, कोणी घरातील दागिने मोडतो, आणि निम्मा पैसा दुकानाच्या पाटीवर व कपाटांवर खर्चून बसतो. गिऱ्हाईक यावयास विलंब लागला, की माल भरण्यास पैसा उरत नाही आणि आयुष्यभर जपलेली पुंजी बुडते. धंद्याला पैसा लागतो, हे खरे. परंतु त्याआधी तयारी लागते.

मुंबईच्या गिरगावातील सात गृहिणींचे उदाहरण या बाबतीत पाहण्याजोगे आहे. १९५९ च्या मार्च महिन्यात त्यांनी उसन्या ८० रुपयांवर पापडांचा उद्योग आरंभिला. पहिल्या दिवशी पापडांची अवघी चार पुडकी तयार झाली. त्यांतूनच पुढे ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था उभी राहिली आणि हजारो स्त्रियांना स्वकष्टाची मिळकत लाभली.

हे बळ ८० रुपयांचे नव्हते. चांगला पापड कसा होतो, हे त्या हातांना आधीच ठाऊक होते. ते शिकण्यात पैसा घालवावा लागला नाही. देणगी घ्यावयाची नाही, असा त्यांचा निश्चय होता. आरंभी त्या हलक्या प्रतीचे स्वस्त पापडही करीत. परंतु मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी प्रत एकच व उत्तम ठेवण्याचा आणि हिशेब चोख राखण्याचा सल्ला दिला, व तो त्यांनी मानला.

कोणी म्हणेल, मोठे भांडवल असते तर उद्योग अधिक वेगाने वाढला असता. तसे कदाचित झालेही असते. पण पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात आणि काम चार महिने बंद पडले. डोक्यावर मोठे कर्ज असते, तर तेवढ्या अवधीत व्याजानेच उद्योग गिळून टाकला असता. आरंभ लहान होता, म्हणून ती अडचण सोसता आली. पुढील वर्षी त्यांनी एक खाट व एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरून खाली स्टोव्ह पेटविला, की पावसातही पापड वाळू लागले. अनुभवाने गरज कळली आणि मगच त्या वस्तूंवर पैसा खर्च झाला.

म्हणून धंदा करू इच्छिणाऱ्याने प्रथम ते काम हाताखालून घालावे, खर्चाची यादी मांडावी आणि किती तोटा आपल्याला सोसेल, हे आधीच ठरवावे. नांगरट न करता टाकलेले बी पाखरे टिपून नेतात. तयारीवाचून घातलेल्या पैशाचीही तीच गत होते.