सातव्या महिन्यात जन्मलेली जुळी बाळं वाचतात का? कर्जत-खालापूरमध्ये हे कशावर ठरतं?

ऑगस्ट २०२२. पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात एका आदिवासी महिलेला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. जुळ्या बाळांचा जन्म घरीच झाला आणि उपचार मिळण्याआधी दोन्ही बाळं दगावली. आईला रक्तस्राव होत होता. वाडीपर्यंत रस्ता नसल्याने नातेवाइकांनी तिला झोळीत घालून सुमारे तीन किलोमीटर चालत नेलं. तिचा जीव वाचला.

रायगडच्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांतही अशा वाड्या आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरमधल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा बचाव पथकांना तासाभराहून अधिक डोंगर चढावा लागला होता. तिथे गाडी जाईल असा रस्ताच नव्हता. अशा वाडीतल्या एखाद्या बाईच्या पोटात जुळी असतील आणि कळा लवकर सुरू झाल्या, तर काय होतं? बाळं वाचण्याची शक्यता किती असते?

जुळी लवकर का जन्मतात?

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अकाली जन्मलेलं बाळ म्हणतात. जुळ्यांमध्ये हे अगदी सामान्य आहे. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. गर्भाशयावर पडणारा ताण, आईचा वाढलेला रक्तदाब, रक्तक्षय ही त्याची काही कारणं आहेत. दोन्ही बाळांची वार एकच असेल, तर धोका आणखी वाढतो. वार एक आहे की दोन, हे ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान केलेल्या सोनोग्राफीत सर्वात स्पष्ट कळतं.

'सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही' हे खरं आहे का?

नाही. हा समज जुना आहे, पण चुकीचा आहे. पोटात काढलेल्या प्रत्येक जादा आठवड्यागणिक बाळ वाचण्याची शक्यता वाढते. ३४ आठवड्यांनंतर जन्मलेली बहुतेक बाळं योग्य काळजी मिळाली तर वाचतात. २८ आठवड्यांच्या आतल्या बाळांची लढाई मात्र खूप अवघड असते.

पण फक्त आठवडे मोजून उत्तर मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, ३२ आठवडे किंवा त्याआधी जन्मलेली जवळपास सगळी बाळं श्रीमंत देशांत वाचतात. गरीब देशांत त्यातली निम्मी दगावतात. ऊब, आईचं दूध, जंतुसंसर्गावर आणि श्वासाच्या त्रासावर साधे उपचार, एवढंही तिथे मिळत नाही. म्हणजे वजन आणि आठवडे तेच असले, तरी बाळ कुठे जन्मलं यावर त्याचं जगणं ठरतं.

कर्जत-खालापूरची अडचण नेमकी काय?

अंतर. रायगडचं जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. कर्जतहून खोपोली, पेण मार्गे तिथे जायचं तर साधारण ८० किलोमीटर होतात. खूप लहान बाळांसाठीचा विशेष नवजात शिशू कक्ष, म्हणजे एसएनसीयू, सहसा जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर असतो. त्यामुळे इथली अनेक कुटुंबं पनवेल, उल्हासनगर किंवा मुंबईची वाट धरतात. त्याआधी वाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत पोहोचायचं असतं, तेही पावसाळ्यात.

दुसरी अडचण स्थलांतराची. अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. गरोदरपणाची नोंद एका गावात आणि सातवा महिना दुसऱ्याच तालुक्यात, असं होतं. मग जुळी आहेत हे कळलेलं असलं, तरी पुढच्या तपासण्या सुटतात.

मग काय करता येतं?

सर्वात महत्त्वाचं म्हणजे बाळं जन्मल्यावर हलवण्यापेक्षा आईला आधी हलवणं. दीड किलोच्या दोन बाळांना गार पडू न देता तासभर गाडीतून नेणं कठीण असतं. पोटात असताना ती सर्वात सुरक्षित असतात.

त्यासाठी वेळ हवा, आणि मदतीला एक स्वस्त औषधही आहे. २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्या, तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. त्याने बाळांची फुप्फुसं लवकर तयार होतात. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी पहिला डोस एएनएम देऊ शकते. पण त्याचा पूर्ण परिणाम व्हायला साधारण एक दिवस लागतो. म्हणून 'सकाळपर्यंत बघू' असं म्हणण्यात गेलेली रात्र महागात पडते. वारंवार पोट कडक होणं, कंबर भरून येणं, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच आशाताईंना सांगा, १०८ ला फोन करा.

जन्मानंतर काय?

बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणं, म्हणजे कांगारू मदर केअर. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मल्यावर लगेच असं ठेवल्याने पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. बाळं दोन असतील तर एक आईजवळ आणि दुसरं वडील किंवा आजीजवळ ठेवता येतं.

घरी गेल्यावरही धोका टळलेला नसतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच महिलांना नवजात बाळांची काळजी शिकवली. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी पहिल्या ४२ दिवसांत ज्या भेटी देतात, त्या योजनेचं मूळ या कामात आहे.

वाचलेली बाळं निरोगी वाढतात का?

बरीच वाढतात, पण त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. ती चुकली तर टाळता येणारं अंधत्व येऊ शकतं. ऐकण्याची तपासणीही गरजेची आहे. आणि वाढ मोजताना लवकर जन्मलेले आठवडे वजा करा. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तर त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवायची.

यातले बरेचसे उपाय महागडे नाहीत. सोनोग्राफी, इंजेक्शन, आईची ऊब, आशाताईंची भेट हे सगळं सरकारी योजनांमध्ये आहे. पण वाडीपासून रुग्णालयापर्यंतचा रस्ता कोणत्याही आरोग्य योजनेत बसत नाही. त्यामुळे एखाद्या वाडीत जुळ्यांची नोंद झाली, की सहाव्या महिन्यातच तीन गोष्टी ठरायला हव्यात: बाळंतपण कुठे, गाडी कोणाची आणि पावसात आईला आधीच खाली कुठे ठेवायचं.