आजाऱ्याच्या घरचे मूल

राज्यातील चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरविले आणि मुलांच्या झोपेचा प्रश्न सरकारदरबारी पोहोचला. निर्णय योग्यच होता. परंतु मुलाला रात्री वेळेवर निजविणारे जाणते माणूस घरात आहे, हे त्यात गृहीत धरलेले आहे. ज्या घरी आई अथवा वडील छिन्नमनस्कतेसारख्या तीव्र मानसिक आजाराने ग्रस्त आहेत, तेथे हे गृहीत अनेकदा कोलमडते, याचा विचार आपण सुशिक्षितांनी क्वचितच केला आहे.

उन्मादाच्या भरात वडील मध्यरात्री दिवे लावून घर आवरू लागतात. विषण्णतेने खचलेल्या आईला दिवस उजाडूनही उठवत नाही. कोणी औषधाच्या गुंगीत असते, तर कोणी शेजाऱ्यांच्या संशयाने दारे-खिडक्या लावून बसते. अशा वेळी मूल रात्री कानोसा घेत पडून राहते आणि सायंकाळी सोबत्यांनी हाक मारली तरी खाली उतरत नाही. कारण घरात लक्ष ठेवणारे ते एकटेच असते. सहा ते बारा वर्षांच्या मुलास रोज ९ ते १२ तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. पाच वर्षांवरील मुलास रोज सरासरी ६० मिनिटे दमछाक करणारा खेळ हवा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. या मुलाच्या वाट्याला दोहोंपैकी काय येते?

यावर 'ते रक्तातच असते' असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण खोटे आहे. पालकांपैकी एकास छिन्नमनस्कता असली, तर मुलास ती होण्याचा संभव शेकडा दहाच्या आसपास धरतात; म्हणजे दहांतील नऊ मुले तिच्यातून सुटतात. झोप व खेळ यांनी आजार टळेलच, अशी ग्वाही आम्ही देत नाही. मात्र झोपमोड झालेले मूल चिडते, अभ्यासात मागे पडते, हे कोणीही शिक्षक सांगेल; आणि आनुवंशिकता बदलता येत नसली, तरी निजण्याची वेळ बदलता येते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा तोडू नये, असे बजावले. हीच दृष्टी मोठ्या मुलांबाबतही हवी. मूल आईबापांपासून काढून घेणे हा उपाय नव्हे. त्यांना हात देणे हा होय. रुग्णाच्या झोपेची चौकशी करणाऱ्या डॉक्टरांनी मुलाच्या झोपेचीही करावी. वर्गात पेंगणाऱ्या मुलास शिक्षा करण्यापूर्वी गुरुजींनी कारण विचारावे. मामा-मावशीने कठीण रात्री त्यास आपल्या घरी निजवावे. शेजाऱ्याने आपल्या मुलांबरोबर त्यासही मैदानावर न्यावे. सल्ल्यासाठी 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे.

यांतील एकाही गोष्टीस मोठा निधी लागत नाही. लागते ते एवढेच की, त्या बंद दाराकडे पाहून आपण कुजबुजणे थांबवावे आणि दार ठोठवावे.