नवा फोन, जुनीच रांग!

दरवर्षी सप्टेंबर महिना आला की अमेरिकेतील ॲपल कंपनी आपला नवा फोन जगापुढे ठेवते आणि आपल्याकडच्या वाहिन्या चंद्रावर माणूस उतरल्याच्या थाटात त्याची बातमी देतात. कॅमेरा किंचित सरस, चिप किंचित वेगवान, रंग नवा आणि किंमत लाखाच्या घरात! अलीकडे मात्र ज्यांच्या खिशात लाख रुपये आहेत तेसुद्धा विचारू लागले आहेत की, यात नवे ते काय? फोनची प्रगती थांबली काय? आणि थांबली असेल तर आता पुढे काय?

हा प्रश्न श्रीमंतांचा आहे असे समजून आपल्या लोकांनी तो बाजूला टाकू नये. त्याचा सर्वात मोठा चटका आपल्याच वस्तीला बसतो आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. ९ जानेवारी २००७ रोजी पहिला आयफोन दाखवला गेला. २००८ मध्ये पहिला अँड्रॉईड फोन आला. पुढच्या आठ-नऊ वर्षांत बोटाने चालणारा पडदा, नकाशा, कॅमेरा, इंटरनेट, पैसे पाठवणे हे सगळे एका मुठीत आले. ती खरी क्रांती होती, हे मान्य करण्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही. पण २०१६ मध्ये जगात सुमारे १४७ कोटी स्मार्टफोन विकले गेले आणि २०२३ मध्ये हा आकडा सुमारे ११७ कोटींवर घसरला. भारतात २०२१ साली सुमारे १६ कोटी विकले गेले होते, तिथून पुढे बाजार १५ कोटींच्या आसपास रेंगाळतो आहे. २०१९ मध्ये घडी घालता येणारा फोन आला. आपल्या देशात त्याची किंमत दीड लाखाच्या वर होती! घडी घालण्याची वस्तू आमच्या घरात गोधडी असते, फोन नव्हे.

आमच्या मते, आपल्या लोकांपुरती फोनची खरी प्रगती २०१६ सालीच पूर्ण झाली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये गुजरातेतील उना येथे दलित तरुणांना मारहाण झाली. मारणाऱ्यांनीच माजाने काढलेली चित्रफीत देशभर फिरली आणि त्यांच्याच गळ्याचा फास झाली. कॅमेऱ्याचा फोन हे किती मोठे हत्यार आहे, हे त्या दिवशी कळले.

आणि त्याच्याही आधी? २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी घडले तेव्हा मोठी वर्तमानपत्रे कित्येक दिवस गप्प होती. तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांच्या हातात होते ते साधे बटणांचे फोन. निरोप गेले ते एसएमएसवरून. एकाने दहांना, दहांनी शंभरांना. त्या नोव्हेंबरात अमरावती पेटून उठली, पोलिसांच्या गोळीबारात आपला एक तरुण बळी गेला. त्या फोनला चांगला कॅमेरा नव्हता, इंटरनेट नव्हते, 'बुद्धिमत्ता' तर नव्हतीच. ती माणसांजवळ होती. आज प्रत्येकाच्या खिशात त्या फोनपेक्षा हजारपट ताकदीचे यंत्र आहे आणि आपण त्यावर एका वॉर्डात पाच-पाच गटांचे व्हॉट्सॲप ग्रुप चालवतो, सकाळी शुभेच्छांची चित्रे पाठवतो, रात्री एकमेकांना ग्रुपमधून काढतो. हे कुणाला झोंबले तर झोंबू द्या.

असो. मागच्या उन्हाळ्यात आम्ही अकोल्यात एका मोबाईल दुरुस्तीच्या टपरीवर बसलो होतो. बार्शीटाकळीकडची एक शेतमजूर बाई आली. पदराच्या गाठीतून फोन काढून तिने काउंटरवर ठेवला. २०१९ साली साडेसहा हजाराला घेतलेला. काचेला एक चरा नाही.

"बापू, फोन त चांगला हाये. पडला नाई, भिजला नाई. मंग हे ॲप कायले येत नाई त्याच्यात?"

पोराने फोन उलटसुलट करून पाहिला. "मावशी, फोन चांगलाच हाये वो. पण त्याचं अँड्रॉईड जुनं झालं. कंपनीनं अपडेट देनं बंद केलं. आता नवाच घ्या लागते."

"म्हंजे मेला नाई, तरी त्याले मेला म्हन्ता?"

पोरगा हसला, पण उत्तर त्याच्याकडे नव्हते. बाईला लेकीच्या शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात आले का, ते बघायचे होते. बँकेत जावे तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून तिथल्याच कोणी ॲप टाकून घ्यायला सांगितले होते. ॲप म्हणते फोन जुना. साडेसहा हजार म्हणजे निंदणाचे किती दिवस, हे तिने तिथेच बोटांवर मोजले आणि फोन परत गाठीत बांधला.

या बाईच्या प्रश्नात सगळे अर्थशास्त्र आहे. नवीन देण्यासारखे काही उरले नाही की व्यापारी काय करतो? जुने निकामी ठरवतो. यंत्र धडधाकट असते, पण त्याला आतून पुरवले जाणारे सॉफ्टवेअर तोडले जाते. सुरक्षेसाठी जुनी आवृत्ती बंद करावी लागते, हे खरे. पण मग ती सुरक्षा आणखी पाच वर्षे का पुरवत नाही? युरोपात २० जून २०२५ पासून कायदाच लागू झाला आहे. तिथे विकल्या जाणाऱ्या फोनचे मॉडेल बाजारातून गेल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट द्यावे लागतात आणि सुटे भाग सात वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने 'राईट टू रिपेअर'चे संकेतस्थळ उघडले. संकेतस्थळ हा कायदा नव्हे. पॅरिसच्या गिऱ्हाइकाला जो हक्क मिळतो तो बार्शीटाकळीच्या बाईला का नाही? तिथेही पैसे मोजले जातात, इथेही मोजले जातात. उलट आमचे पैसे अधिक घामाचे असतात.

फोन महाग झाला तर माणूस म्हणेल, नको मला. पण आता नको म्हणण्याची सोय सरकारने ठेवलेली नाही, ही खरी मेख आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, त्याचा ओटीपी फोनवर. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने धुऱ्यावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, तेव्हा सातबाऱ्यावर पेरा चढणार. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी ॲपवर सक्तीची झाली. मेळघाटात जिथे टॉवरच नाही, तिथल्या मजुराने दिवसभर माती उपसून हजेरी कुठे लावायची? सप्टेंबर २०२५ मध्ये लाडक्या बहिणींना ई-केवायसी करायला सांगितले. त्याच महिन्यात कापूस महामंडळाने हमीभावाने कापूस विकण्यासाठी 'कपास किसान' नावाच्या ॲपवर नोंदणी लावली. मक्त्याने, बटाईने कापूस पिकवणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो. तो आधीच बाहेर होता, आता ॲपबाहेरही गेला. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगते की, देशातील १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी जेमतेम ५४ टक्के बायांकडे स्वतः वापरता येईल असा मोबाईल आहे. इथे स्मार्टफोनची नव्हे, कोणत्याही मोबाईलची गोष्ट आहे!

नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, अंबादेवीच्या दाराचा प्रश्न पेटला होता. तेव्हा दार डोळ्यांना दिसत होते आणि ते अडवणारा माणूसही दिसत होता. आज दार अडवणारा दिसत नाही. पडद्यावर एक गोल चक्र फिरत राहते आणि शेवटी 'पुन्हा प्रयत्न करा' असे उमटते. भांडायचे कोणाशी?

आता 'पुढे काय' याकडे वळू. त्यासाठी परदेशात जाण्याची गरज नाही, धारणी तालुक्यातील हरिसालला जावे. २०१६ मध्ये या कोरकू गावाला देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून मिरवले गेले. मायक्रोसॉफ्टसारखी जगातली बडी कंपनी आणि राज्य सरकार सोबत. वायफाय येणार, दूरवरचा डॉक्टर पडद्यावर रोगी तपासणार, दुकानात रोकडीशिवाय व्यवहार होणार! जाहिरातीही झळकल्या. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी जाहीर सभांमधून याच हरिसालच्या चित्रफिती दाखवल्या आणि जाहिरातीतला तरुणच व्यासपीठावर उभा केला. तो रोजगारासाठी गाव सोडून गेला होता. राज ठाकरे यांचे राजकारण आम्हाला मान्य नाही, पण त्या चित्रफितीने दाखवलेले सत्य नाकारता येत नाही. मेळघाटाला आधी रस्ता, वीज, डॉक्टर आणि बारमाही काम हवे होते. ते न देता वरून तंत्रज्ञानाचा मुलामा चढवला की तो पहिल्या पावसात उतरतो.

मोठ्या कंपन्याही चाचपडतच आहेत. कोणी म्हणतो, पुढे चष्मा येणार. २०२४ मध्ये ॲपलने ३४९९ डॉलरचा, म्हणजे जवळपास तीन लाखांचा डोळ्यांवरचा संगणक काढला. त्याच वर्षी ह्युमेन नावाच्या कंपनीने फोनऐवजी छातीला लावायचा ६९९ डॉलरचा बिल्ला विकायला काढला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दुकान बंद करून ती मोकळी झाली. मे २०२५ मध्ये ओपनएआयने आयफोनचा आकार घडवणाऱ्या जॉनी आयव्ह यांची नवी कंपनी सुमारे साडेसहा अब्ज डॉलरला घेतली. त्यांचा होरा असा की, यापुढे पडदा गौण होईल, माणूस बोलेल आणि यंत्र ऐकेल.

यातला बोलण्याचा भाग आम्हाला महत्त्वाचा वाटतो. ज्या आजीला अक्षर शिकू दिले गेले नाही, तिला बोलून अर्ज भरता आला तर ती खरी क्रांती ठरेल. पण यंत्र कोणाची बोली ऐकणार? 'मले', 'तुले', 'कायले' हे त्याला उमजेल का, की पुण्याची मराठी बोलल्याशिवाय ते दारात उभे करणार नाही? कोरकूचे तर विचारूच नका. ती मराठीची पोटभाषा नव्हे, वेगळ्या कुळातली स्वतंत्र भाषा आहे. लाखो लोक ती बोलतात, तरी ती आठव्या अनुसूचीत नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'भाषिणी' प्रकल्पाचा भर अनुसूचीतल्या २२ भाषांवर राहिला. म्हणजे जी भाषा कागदावर नाही, ती यंत्राच्या कानातही नाही.

आणखी एक गोम आहे. ही बोलकी यंत्रे ज्या महाकाय संगणक केंद्रांतून चालतात, त्यांना मेमरी चिप अफाट लागतात. २०२५ च्या अखेरीपासून त्या चिपचे भाव भडकले, कारण कारखाने आपला माल आधी त्या केंद्रांना देऊ लागले. फटका सर्वाधिक बसतो तो स्वस्त फोनला. श्रीमंताच्या पुढच्या यंत्राची किंमत गरिबाच्या आजच्या यंत्रात चढते ती अशी.

काही जण म्हणतील, मग यंत्रच नको. आम्ही तसे म्हणणार नाही. बाबासाहेबांनी यंत्राला कधी दोष दिला नाही, दोष दिला तो यंत्राची मालकी मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेला. १९४३ मध्ये मजूरमंत्री म्हणून वीज धोरणाच्या समितीपुढे बोलताना त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक हवी, असा आग्रह धरला. वीज ही त्यांच्या लेखी चैन नव्हती, दारिद्र्यातून सुटण्याचे साधन होती. हीच कसोटी फोनला लावली पाहिजे.

आपल्या देशात हा विचार पूर्वी झाला होता, हे आज कोणाला आठवत नाही. २००१ च्या सुमारास बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी 'सिम्प्युटर' नावाचे हातात मावणारे यंत्र तयार केले. ते भारतीय भाषांत मजकूर वाचून दाखवायचे. एक यंत्र गावाने मिळून वापरावे आणि प्रत्येकाने आपापले स्मार्टकार्ड त्यात घालावे, अशी त्याची कल्पना होती. आयफोनच्या कितीतरी आधी! ते बाजारात चालले नाही. सरकारने मनावर घेतले नाही, पुढे स्वस्त फोनने त्याला गाठले. पण 'एकाला एक यंत्र' याऐवजी 'गावाला एक यंत्र' हा विचार काही खोटा नव्हता.

म्हणून आमची मागणी अशी की, शिष्यवृत्ती, रेशन, मजुरी, हमीभाव यांपैकी कोणताही हक्क केवळ फोनवर अवलंबून असता कामा नये. प्रत्येक ठिकाणी कागदाचा अर्ज आणि त्याची सहीशिक्क्याची पोच मिळालीच पाहिजे. शासनाचे ॲप दहा वर्षे जुन्या फोनवर चालले पाहिजे. ते चालवता येत नसेल तर ॲप काढू नये. आणि फोनला किती वर्षे अपडेट मिळणार, हे खोक्यावर ठळक छापण्याचा कायदा व्हावा. आमदार-खासदारांना निवेदने देताना पुतळा आणि सभागृहाच्या मागणीखाली ही एक ओळ जोडायला काय हरकत आहे?

काही गोष्टी तर सरकारवाचूनही होतील. अमरावती-अकोल्याच्या बाजारात बॅटरी, पडदा बदलणारी, बंद फोन जिवंत करणारी शेकडो पोरे बसली आहेत. त्यांत आपलीही पुष्कळ आहेत. कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाने त्यांना शिकवले नाही. विहारातील अभ्यासिकेत आठवड्यातून दोन संध्याकाळी अशा एका पोराला आणि अर्ज भरता येणाऱ्या एका मुलीला बसवावे. त्यांना फुकट राबवू नये, वर्गणीतून मानधन द्यावे. त्या बार्शीटाकळीच्या बाईचे काम अभ्यासिकेतल्या संगणकावर दहा मिनिटांत झाले असते. शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू होण्याआधी किती वॉर्डांतून ही सोय उभी राहते, ते कार्यकर्त्यांनी आम्हाला कळवावे. आम्ही गावांच्या नावानिशी ते याच स्तंभात छापू.