'मेड इन यूएसए' : बेंजो, जाझ आणि नावांचा वाद

उल्हासनगरविषयीचा एक जुना विनोद तुम्ही ऐकला असेल. तेथील मालावर 'मेड इन यूएसए' असे छापलेले असते, आणि यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन'. विनोद जुना झाला तरी त्यातले गृहीतक टिकून आहे. अस्सल वस्तू दूर कोठेतरी घडते, कल्याणच्या पुढे गाडी गेली की उरते ती नक्कल.

आजचा धागा त्या गृहीतकाविरुद्ध आहे. धागा लांब आहे आणि त्याचा विषय वाद्ये हा आहे.

दर भाद्रपदात उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या रस्त्यांवर बेंजो पार्ट्या निघतात. लग्नसराईत हळदीच्या रात्री आगरी-कोळी वस्त्यांत त्या असतातच. आणि दरवर्षी कोणी तरी सुविद्य गृहस्थ आपल्याला समजावतात की हा बँजो नसून बुलबुल तरंग आहे; ही मुले ज्याला 'जाझ' म्हणतात तो निव्वळ ड्रमसेट आहे, जॅझ ही एक संगीतशैली आहे; आणि दोन गायक, एक कॅसिओ म्हणजे 'ऑर्केस्ट्रा' होत नाही. तात्पर्य, तीन शब्द परक्यांकडून उचलले आणि तिन्ही बिघडवले. इतिहासप्रेमी तरुणांत हे मत विशेष प्रिय आहे, कारण दुसऱ्याची चूक दुरुस्त करण्याचे सुख त्यात आयते मिळते. मला हे मत अर्धवट ज्ञानातून आलेले वाटते. का, ते सांगतो.

बेंजोपासून आरंभ करू. मिरवणुकीतले हे वाद्य जपानी वंशाचे आहे, यात शंका नाही. नागोया येथील मोरिता गोरो याने १९१२ मध्ये तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवून 'तैशोगोतो' घडवले. तैशो सम्राटाची कारकीर्द त्याच वर्षी सुरू झाली होती, म्हणून ते नाव. एका हाताने कळ दाबायची, दुसऱ्या हाताने तार छेडायची. हिंदुस्थानात आल्यावर ते बुलबुल तरंग झाले, पुढे त्याला पिकअप आणि भोंगे जोडले गेले आणि ते गाड्यावर चढले. त्याचा स्वर टणत्कारी आहे, ढोलताशांच्या गदारोळातूनही तो कानाला टोचतो. अमेरिकेतल्या बँजोचा मुख्य गुण हाच. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात जॅझच्या वाद्यवृंदांनी गिटारपेक्षा बँजो पसंत केला तो ताशी-तुताऱ्यांतही ऐकू जातो म्हणून. नाव देणाऱ्यांनी आकाराकडे न पाहता कानावर विश्वास ठेवला असावा, असा माझा तर्क आहे.

आणि ही 'चूक' एकट्या ठाणे जिल्ह्याची नाही. सिंध आणि बलुचिस्तानातही याच कुळातल्या वाद्याला 'बेंजू' म्हणतात. फाळणीनंतर उल्हासनगरात वसलेले सिंधी आणि पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहणारे आगरी यांच्या मूळ मुलखांत सहाशे-सातशे मैलांचे अंतर. पण नाव एकच. इतक्या लांब टिकलेल्या शब्दाला अपभ्रंश म्हणून हिणवण्यापूर्वी थोडे थांबावे.

मग अस्सल बँजो कोणता? पश्चिम आफ्रिकेतील भोपळ्याच्या, कातडे मढवलेल्या तंतुवाद्यांची आठवण घेऊन गुलाम माणसे कॅरिबियन बेटांवर आली आणि तेथे त्यांनी हाती लागेल त्या साहित्यातून हे वाद्य पुन्हा घडवले. हॅन्स स्लोनने सतराव्या शतकाच्या अखेरीस जमैकात ते पाहिले व आपल्या ग्रंथात 'स्ट्रम स्ट्रम्प' या नावाने त्याचे चित्र दिले. थॉमस जेफरसनने 'बँजार' लिहिले. फ्रेंच बेटांवर 'बान्झा'. एकोणिसाव्या शतकात तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या गोऱ्या नटांनी ते रंगभूमीवर नेले, मग कारखानदारांनी त्याला लाकडी कडे व धातूचे खिळे दिले, आणि विसाव्या शतकात ते डोंगराळ भागातील गोऱ्या शेतकऱ्यांच्या संगीताचे चिन्ह ठरले. लुई आर्मस्ट्राँगच्या १९२५ च्या 'हॉट फाइव्ह'मध्ये जॉनी सेंट सिर जो बँजो वाजवीत, त्याला गिटारप्रमाणे सहा तारा होत्या. इतकी रूपे पालटलेल्या वाद्याच्या नावावर उल्हास नदीकाठी पहारा बसवायचा, हे जरा जास्तच झाले.

आता 'जॅझ'. (सुशिक्षित 'जॅझ' लिहितात, गाड्यावरचा वादक 'जाझ' म्हणतो, मी दोन्ही वापरणार आहे.) या शब्दाचा संगीताशी जन्मसंबंधच नाही. छापील स्वरूपात तो १९१२ मध्ये कॅलिफोर्नियातील बेसबॉलच्या वार्तांकनात दिसतो, एका गोलंदाजाच्या वळणाऱ्या चेंडूचे नाव म्हणून. १९१५ पर्यंत शिकागोच्या वृत्तपत्रात तो संगीताला चिकटला. २६ फेब्रुवारी १९१७ रोजी 'ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड'ने व्हिक्टर कंपनीसाठी जी तबकडी मुद्रित केली, ती पहिली जॅझ तबकडी मानतात. त्या वृंदात कृष्णवर्णीय वादक एकही नव्हता. ज्यांनी न्यू ऑर्लिन्समध्ये हे संगीत उभे केले ते आपल्या वादनाला बहुधा 'रॅगटाइम' म्हणत. क्लॅरिनेटवादक सिडनी बेशे यांनी तर आत्मचरित्रात स्पष्टच नोंदवले आहे की 'जॅझ' हे गोऱ्या लोकांनी दिलेले नाव. ड्यूक एलिंग्टन यांनाही या शब्दाच्या कुंपणात राहणे आवडत नसे.

म्हणजे खुद्द अमेरिकेत वादक एक म्हणत होते आणि विकणारे दुसरेच छापत होते.

ड्रमसेटला जाझ म्हणणे हे मात्र मला सर्वांत सुंदर उदाहरण वाटते. पूर्वी बँडमध्ये मोठा ढोल एकजण वाजवी आणि लहान ताशा दुसरा. पायाने ढोल वाजवण्याची कळ लडविग बंधूंनी १९०९ मध्ये बाजारात आणली आणि एकाच माणसाला खुर्चीवर बसून सगळे वाजवता येऊ लागले. हा जोडसंच जॅझसोबत जगभर पसरला. युरोपीय श्रोत्यांना त्यात नवे वाटले ते हेच यंत्रवत वाद्य; त्यामुळे १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये ड्रमसेटलाच 'जाझ' म्हणत. पॅरिसच्या कवींनी म्हटले की ती अभिरुची, बदलापूरच्या ड्रमवाल्याने म्हटले की अज्ञान! या दुटप्पीपणाला इतिहासदृष्टी म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. न्यू ऑर्लिन्समध्ये मिरवणुकीतले ढोल चालणाऱ्यांच्या गळ्यातून उतरून खुर्चीपुढे आले. आपल्याकडे तोच बसका संच चाकांच्या गाड्यावर चढवून पुन्हा मिरवणुकीत आणला गेला. तिकडे कृष्णवर्णीयांची परस्परसाहाय्य मंडळे वर्गणी काढीत, सभासदाच्या अंत्ययात्रेला बँड लावीत. स्मशानाकडे जाताना संथ वादन, परतताना नाचरे. बँडमागून नाचत येणाऱ्या आम जनतेला तेथे 'सेकंड लाइन' असे नाव आहे. वर्गणी, मंडळ, रस्ता, बँड, मागे नाचणारा मोहल्ला. यातली कोणती गोष्ट कॅम्प नंबर चारमधल्या किंवा अंबरनाथच्या एखाद्या आळीतल्या माणसाला समजावून द्यावी लागेल?

'ऑर्केस्ट्रा'विषयी एकच वाक्य पुरे: मूळ ग्रीकमध्ये तो शब्द वादकांसाठी नाहीच, रंगमंचापुढील नाचण्याच्या मोकळ्या जागेसाठी आहे.

नावे कोण ठेवतो, हा खरा प्रश्न. १९२० मध्ये मेमी स्मिथ यांच्या 'क्रेझी ब्लूज'ची तबकडी तडाख्याने खपली आणि कंपन्यांना कृष्णवर्णीय ग्राहक दिसू लागला. त्यांच्यासाठीच्या तबकड्या 'रेस रेकॉर्ड्स' या वेगळ्या खणात गेल्या. ('रेस' हा शब्द तेव्हाची कृष्णवर्णीय वृत्तपत्रे अभिमानानेही वापरीत, हे नोंदवले पाहिजे.) जून १९४९ मध्ये 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने त्या यादीचे नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' केले. गायक तेच, गिऱ्हाईक तेच. खणाची पाटी तेवढी बदलली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९४९ मध्ये, चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. पंचाहत्तर वर्षे लोटली तरी लोक पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर' सांगतातच. सरकारी पाटी आणि बोलीतले नाव यांतले अंतर उल्हासनगरकरांना कोणी शिकवायला नको.

(महायुद्धकाळी त्या छावणीत सैनिक ग्रामोफोनवर जॅझ ऐकत असतील, असे एखादे रम्य वाक्य येथे सहज बसले असते. तो मोह मी टाळतो; तुम्हीही टाळा.)

मुंबईतल्या जॅझचा इतिहास आता बराच सांगितला जातो आणि ते चांगलेच आहे. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड. त्यांच्या सहवासात गोव्याचे वादक घडले. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ 'चिक चॉकलेट' झाले आणि पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांसोबत, म्हणजे सी. रामचंद्रांसोबत, चित्रपटसंगीतात आले. 'अलबेला' १९५१ चा. नरेश फर्नांडिस यांचे 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हे पुस्तक अवश्य वाचा. माझी तक्रार त्या पुस्तकाविषयी नाही. त्यावरून धागे विणणाऱ्यांविषयी आहे. त्यांचा इतिहास कुलाब्यात उतरतो, चर्चगेटच्या उपाहारगृहांत रमतो आणि तेथेच संपतो. त्याच चित्रपटांतल्या चाली बेंजोवर चढून हळदीच्या मांडवात गेल्या, धवलारणीच्या धवल्यांशेजारी वाजल्या, याची दखल नाही. हॉटेलातला श्रोता नोंदला गेला, रस्त्यावरचा राहिला.

बेंजो पार्टी म्हणजे जॅझ, असा माझा दावा नाही. जॅझमध्ये वादक चालीच्या अंगाखांद्यावर नवे बांधकाम करतो. आपल्या पार्ट्या बहुतांशी ओळखीची चाल ओळखू येईल अशीच वाजवतात, आणि गर्दीला तेच हवे असते. भोंग्यांच्या भिंतींमुळे आजारी माणसांना होणारा त्रासही खरा आहे. रात्री दहाची मर्यादा पाळलीच पाहिजे. पण आवाजाची तक्रार वेगळी आणि 'तुम्हांला तुमच्या वाद्याचे नावही ठाऊक नाही' हे सांगणे वेगळे. पहिली तक्रार नागरिकाची आहे. दुसरीमागे बहुधा जात आणि वर्ग उभे असतात; ढोल-ताशा-बेंजो वाजवणारे हात कोणत्या वस्त्यांतून येतात, हे आपल्याला चांगले माहीत आहे.

येत्या गणेशोत्सवात ज्यांना नोंदी करायच्या असतील त्यांनी वादकाला विचारावे: हे वाद्य कोणाकडून घेतले, तारा कशा लावता, पहिली चाल कोणती बसवली, याला काय म्हणता. जे नाव सांगेल तेच लिहावे, कंसात दुरुस्ती न करता.

पुढील धागा अंबरनाथच्या शके ९८२ च्या शिलालेखावर.